दोन श्वेत बटूंची जोडी : जन्म, जवळीक आणि शेवट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

श्वेत बटूंच्या जोड्यांविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे आणि अपवादांचे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. श्वेत बटू म्हणजे नक्की काय?

सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपल्यावर मागे उरलेला गाभा. तारा आयुष्याचा बहुतेक काळ गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम करत असतो. नंतर हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन बनतात. तेही आटोपलं की फुगलेलं आवरण अवकाशात विरून जातं आणि गाभा उघडा पडतो. त्याचं वस्तुमान साधारण सूर्याच्या ०.६ पट असतं, आकार मात्र पृथ्वीएवढा. त्यातला चमचाभर पदार्थ काही टन भरेल. आत अणुभट्टी उरलेली नसते, साठलेली उष्णता अब्जावधी वर्षं हळूहळू बाहेर पडत राहते.

एवढ्या गुरुत्वाकर्षणाखाली तो कोसळत का नाही? कारण इलेक्ट्रॉन एका हद्दीपलीकडे दाटीनं बसू शकत नाहीत आणि त्यांचा हा विरोधच ताऱ्याला सावरून धरतो. या विरोधालाही मर्यादा आहे, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर केलेल्या गणितातून पुढे आलं. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती सारखी लागणार आहे: श्वेत बटू जितका जड, तितका आकारानं लहान.

२. दोन विझलेले तारे एकमेकांभोवती फिरतात, एवढंच ना? त्यात विशेष काय?

विशेष आहे ते त्यांच्यातल्या अंतरात. श्वेत बटूंच्या जोड्या दोन तऱ्हेच्या असतात. लांबच्या जोडीत दोन्ही तारे आपापलं आयुष्य स्वतंत्रपणे जगतात, एकमेकांना धक्का न लावता म्हातारे होतात. जवळच्या जोडीत प्रदक्षिणेला काही दिवस, काही तास, कधी तर काही मिनिटंच लागतात. इतक्या जवळ आलेले तारे एकमेकांच्या आयुष्यात ढवळाढवळ केल्याशिवाय तिथे पोहोचूच शकत नाहीत (प्रश्न ५). त्यांची आजची कक्षा हीच त्यांच्या भूतकाळाची साक्ष असते. शिवाय पुढे त्यातल्या काही जोड्या विलीन होतात, काहींचा स्फोट होतो, आणि त्या स्फोटांचा संबंध थेट विश्वाचं प्रसरण मोजण्याशी आहे (प्रश्न १६).

आपल्या आकाशगंगेत अशा जोड्या दहा ते तीस कोटींच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. त्यांतल्या फारच थोड्या आपण प्रत्यक्ष ओळखल्या आहेत.

३. आपल्या सूर्याचं असं काही होणार आहे का?

नाही. सूर्याला ताऱ्याची जोड नाही. साधारण ५ अब्ज वर्षांनी तो फुगेल आणि नंतर एकटाच श्वेत बटू होईल.

४. व्याधाला श्वेत बटू सोबती आहे असं वाचलं. मग ती जोडी यात मोडते का?

आज नाही, पुढे मोडेल. व्याध डुलतडुलत सरकतो हे पाहून फ्रीडरिश बेसेल यांनी १८४४ मध्ये त्याला न दिसणारा सोबती असणार असं सांगितलं. १८६२ मध्ये आल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. तो श्वेत बटू असल्याचं बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याचं वस्तुमान जवळपास सूर्याइतकं आहे आणि दोघं ५० वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करतात. आपल्याला झगमगताना दिसतो तो तेजस्वी व्याध अजून हायड्रोजन जाळतो आहे. तोही श्वेत बटू झाला की ती लांबच्या प्रकारातली जोडी होईल. प्रश्वा ताऱ्याचंही तसंच आहे. त्याचा श्वेत बटू सोबती सुमारे ४१ वर्षांत फेरी मारतो.

लांबच्या जोड्या कंटाळवाण्या वाटतात, पण त्यांचा उपयोग मोठा आहे. दोन्ही तारे एकाच वेळी जन्मलेले असतात. कोण किती निवला आहे यावरून मूळचा किती मोठा तारा किती वजनाचा श्वेत बटू मागे ठेवतो, हे पडताळता येतं. ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांतून अशा सुमारे चौदाशे लांबच्या जोड्या हाती लागल्या आहेत.

५. श्वेत बटू होण्याआधी तारा प्रचंड फुगतो म्हणता. मग जवळच्या जोडीत त्या फुगलेल्या ताऱ्यांना जागा कशी पुरली?

पुरली नाही, आणि सगळी कथा तिथूनच सुरू होते.

आकडे मांडून पाहू. प्रत्येकी ०.६ सौर वस्तुमानाचे दोन श्वेत बटू तासाभरात एकमेकांभोवती फिरत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सुमारे पावणेचार लाख किलोमीटर निघतं. म्हणजे पृथ्वीपासून चंद्र जेवढा दूर, त्याहून थोडं कमीच. आणि यांतला प्रत्येक जण एकेकाळी तांबडा राक्षसी तारा होता. अशा ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या शंभरपट, म्हणजे ७ कोटी किलोमीटरपर्यंत किंवा त्याहूनही पुढे सहज जाते. आज दोघं ज्या घरात राहतात ते अख्खं घर तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्या पोटात मावलं असतं.

म्हणजे सुरुवातीला हे तारे नक्कीच बरेच दूर होते आणि नंतर कक्षा आकुंचन पावली. पण कक्षा आपोआप लहान होत नाही. त्यासाठी ऊर्जा आणि कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) कुठेतरी बाहेर टाकावे लागतात. गुरुत्वीय लहरी (प्रश्न १२) हे काम करतात, पण तारे आधीच जवळ असले तरच. एवढ्या दुरून त्यांचा परिणाम नगण्य असतो. त्यामुळे संशय एकाच गोष्टीवर येतो: त्या फुगलेल्या आवरणावर.

६. ‘सामायिक आवरण’ म्हणजे काय?

जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच्या हुकमतीचा एक प्रदेश असतो, त्याला रोश लोब म्हणतात. तारा फुगून त्याबाहेर गेला की बाहेरचा वायू सोबत्याकडे वाहू लागतो. आता समजा फुगलेला तारा सोबत्यापेक्षा जड आहे आणि त्याचं आवरण आतून ढवळणाऱ्या वायूचं आहे. असं आवरण वस्तुमान गमावल्यावर आक्रसत नाही, उलट पसरतं. त्यातच जडाकडून हलक्याकडे वस्तुमान गेलं की कक्षा लहान होते, म्हणजे त्याची हद्दही आत सरकते. तारा पसरतो आणि कुंपण जवळ येतं. मग गळतीला धरबंध राहत नाही.

सोबत्याला एवढा वायू गिळता येत नाही. तो साचत जातो आणि अखेर राक्षसी ताऱ्याचा गाभा व सोबती दोघंही एकाच आवरणाच्या आत बुडतात. त्या वायूतून फिरताना सोबत्याला रोध होतो आणि तो घिरट्या घालत आत आत घसरतो. या घसरणीत कक्षेची जी ऊर्जा सुटते ती आवरण तापवते, घुसळते आणि बाहेर फेकते. शेवटी उरतात उघडा पडलेला गाभा आणि सोबती, दोघं अगदी जवळ. शेकडो दिवसांची कक्षा काही दिवसांवर किंवा तासांवर येते. ही कल्पना बोहदान पाचिन्स्की यांनी १९७६ मध्ये मांडली आणि आजही सगळा विचार तिच्याच आधारानं चालतो.

ताऱ्याच्या आयुष्याच्या मानानं हा प्रसंग डोळ्याचं पातं लवावं इतका झटपट उरकतो, त्यामुळे तो घडताना सापडणं अवघड. पण त्याच्या खुणा दिसतात. नरतुरंग तारकासमूहातल्या फ्लेमिंग १ या ग्रहीय तेजोमेघाच्या मध्यभागी सुमारे १.२ दिवसांत फिरणारी जोडी आहे, हे २०१२ मध्ये दाखवण्यात आलं. तेजोमेघ म्हणजे नुकतंच फेकलेलं आवरण, आणि आत ते फेकणारी जोडी. कारण आणि परिणाम एकाच चित्रात पाहायला मिळावेत, असं खगोलशास्त्रात फार क्वचित होतं.

ऊर्जा कमी पडली तर आवरण निघतच नाही. दोघं आतच एक होतात आणि जोडीची कथा तिथेच संपते.

७. तारे दोन, म्हणजे हे सामायिक आवरण दोनदा घडतं का?

पूर्वी उत्तर सोपं वाटत होतं: हो, दोनदा. जड तारा आधी फुगतो, पहिलं आवरण. मग दुसरा फुगतो, दुसरं आवरण. पण मोजमापं आल्यावर हे गणित अडलं.

का ते पाहू. पहिल्याच वेळी कक्षा खूप आकसली, तर दुसऱ्या ताऱ्याला फुगायला जागा फारच कमी उरते. तो लवकर हद्दीबाहेर जाईल, त्याचा गाभा वाढण्याआधीच आवरण निघून जाईल, आणि दुसरा श्वेत बटू पहिल्यापेक्षा बराच हलका निघेल. प्रत्यक्षात अनेक जोड्यांत दोघांची वस्तुमानं जवळपास सारखी आढळतात. १९८८ मध्ये सापडलेली एल ८७०-२ ही जोडी तशीच आहे. तिचा प्रदक्षिणाकाळ १.५६ दिवस आहे.

गेइस नेलेमान्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये उलट्या दिशेनं हिशेब केला. आजच्या जोडीपासून मागे जात जात प्रत्येक टप्प्याआधी कक्षा केवढी असावी हे त्यांनी काढलं. दुसरा टप्पा सामायिक आवरणाच्या नेहमीच्या ऊर्जेच्या हिशेबात बसला. पहिला बसला नाही. पहिल्या वेळी कक्षा फारशी लहान झालेलीच नसावी, असं त्यातून निघालं. त्यांनी पहिल्या टप्प्यासाठी ऊर्जेऐवजी कोनीय संवेगाचा ताळेबंद वापरला. पुढे इतरांनी दाखवलं की पहिली देवाणघेवाण बेबंद न होता संथपणे झाली आणि बराच वायू जोडीबाहेर निघून गेला, तरीही आकडे जुळतात. मला हा दुसरा खुलासा अधिक पटतो, कारण त्यात कुठल्याही नव्या नियमाची गरज पडत नाही. अभ्यासकांत वाद अजून चालू आहे. ‘आवरण दोनदा’ हे सूत्र मात्र आता सरसकट लावू नये.

८. ०.४५ सौर वस्तुमानापेक्षा हलका श्वेत बटू एकट्यानं तयार होऊ शकत नाही, असं का म्हणतात?

कारण विश्वाला अजून तेवढा वेळ मिळालेला नाही. एवढा हलका गाभा मागे ठेवणारा तारा मुळातच इतका लहान आणि काटकसरी असतो की १३.८ अब्ज वर्षांत त्याचं हायड्रोजन संपतच नाही. मग असा हलका श्वेत बटू दिसला तर अर्थ एकच: गाभ्यातलं हेलियम पेटण्याआधी सोबत्यामुळे त्याचं आवरण गेलं. म्हणून हे श्वेत बटू कार्बन-ऑक्सिजनचे नसून हेलियमचे असतात.

टॉम मार्श आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेमके असे हलके श्वेत बटू निवडून तपासले. सातपैकी पाच जोडीत निघाले. पुढे वॉरन ब्राउन, मुक्रेमिन किलिच आणि सहकाऱ्यांनी ०.३ पेक्षाही हलक्या श्वेत बटूंचा पद्धतशीर शोध घेतला आणि जवळच्या जोड्यांची संख्या शंभराच्या आसपास नेली.

अपवाद आहेत. काही हलके श्वेत बटू एकटेच दिसतात. जड मूलद्रव्यांनी समृद्ध ताऱ्यांनी वाऱ्याबरोबर आवरण लवकर उधळलं असावं, किंवा दोन हलके श्वेत बटू एक झाले असावेत, असे खुलासे त्यासाठी दिले जातात.

९. दोघांपैकी थोरला कोण आणि धाकटा कोण, हे कसं ओळखायचं?

थोरला म्हणजे आधी श्वेत बटू झालेला. जो जास्त निवलेला तो थोरला, हा ढोबळ नियम. पण हलक्या हेलियम श्वेत बटूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा जाडसर थर उरतो आणि तो दीर्घकाळ मंद जळत राहतो, त्यामुळे तो वयापेक्षा तरुण वाटतो. त्यात हलका म्हणजे आकारानं मोठा, म्हणून अधिक उजळही दिसतो. नुसत्या तेजावरून वय ठरवलं तर हमखास फसायला होतं.

१०. इतके मंद आणि लहान तारे, त्यातून जोडी. सापडतात कशा?

मुख्य साधन वर्णपट, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाची रंगांत केलेली फोड. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या. अडचण अशी की श्वेत बटूच्या पृष्ठभागावरच्या दाबामुळे हायड्रोजनच्या रेषा भयंकर रुंद होतात आणि रुंद रेषेचं सरकणं मोजता येत नाही. सुदैवानं हायड्रोजनच्या तांबड्या रेषेच्या मध्यभागी एक बारीक, टोकदार खाच असते. वेग तिच्यावरून मोजतात. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर याच पद्धतीनं शेकडो श्वेत बटू एकामागून एक तपासले गेले.

दुसरं साधन ग्रहण. कक्षा आपल्याला कडेवरून दिसत असेल तर एक तारा दुसऱ्याला झाकतो. एनएलटीटी ११७४८ ही ग्रहण होणारी पहिली अशी जोडी २०१० मध्ये सापडली. तिचा प्रदक्षिणाकाळ ५.६ तास आहे आणि ग्रहण जेमतेम तीन मिनिटं टिकतं. एवढ्या छोट्या घटनेतून दोन्ही ताऱ्यांच्या त्रिज्या मिळतात, म्हणून अशी जोडी म्हणजे घबाडच.

११. सगळ्यात वेगवान जोडी कोणती?

कर्क तारकासमूहातली एचएम कॅन्क्री, प्रदक्षिणाकाळ ५.४ मिनिटं. तिच्यात एका ताऱ्याचा पदार्थ दुसऱ्यावर पडतो आहे (प्रश्न १५). एकमेकांना न भिडलेल्या जोड्यांत झेडटीएफ जे १५३९+५०२७ हिचं नाव घ्यावं लागेल. ती २०१९ मध्ये जाहीर झाली. काळ ६.९१ मिनिटं, वस्तुमानं सूर्याच्या ०.६१ आणि ०.२१ पट, आणि मधलं अंतर जेमतेम ऐंशी हजार किलोमीटर. ही अख्खी जोडी शनीच्या गोळ्यात मावेल.

१२. या जोड्यांतले तारे जवळ का येत राहतात? विलीन व्हायला किती वेळ लागतो?

आता वायू उरलेला नसतो. आता काम गुरुत्वीय लहरींचं. एकमेकांभोवती फिरणारी वस्तुमानं अवकाशकाळात लहरी उठवतात, त्या ऊर्जा घेऊन जातात आणि कक्षा लहान होते.

वेळ मात्र सुरुवातीच्या अंतरावर विलक्षण अवलंबून असतो. ०.६ सौर वस्तुमानाच्या दोन श्वेत बटूंचा प्रदक्षिणाकाळ १ तास असेल तर ते सुमारे ३ कोटी वर्षांत भिडतील. १० तास असेल तर साधारण विश्वाच्या आजच्या वयाइतका काळ लागेल. एक दिवस असेल तर १४० अब्ज वर्षं. काळ दुप्पट केला की वाट पाहणं सहापटीहून जास्त वाढतं. म्हणून सामायिक आवरणानंतर उरलेली कक्षा नेमकी केवढी, यावर जोडीचं पुढचं सगळं नशीब ठरतं, आणि म्हणूनच प्रश्न ६ आणि ७ वर मी एवढा वेळ घालवला.

हे नुसतं कागदावरचं नाही. जे ०६५१+२८४४ ही १२.७५ मिनिटांची जोडी २०११ मध्ये सापडली. तिचा काळ वर्षाला सुमारे ०.३ मिलिसेकंदानं घटतो. ऐकायला क्षुल्लक, पण पुढे जाणाऱ्या घड्याळासारखा फरक साचत जातो. वर्षभरानंतर ग्रहणं सुमारे ६ सेकंद आधी होऊ लागली होती, हे २०१२ मध्ये जाहीर झालं. साध्या प्रकाशात, ग्रहणांच्या वेळा मोजून, गुरुत्वीय लहरींचा परिणाम पकडला गेला.

१३. शेवटी एकमेकांना भिडल्यावर काय होतं?

हलका तारा आकारानं मोठा, त्यामुळे आपल्या हद्दीबाहेर आधी तोच जातो. आणि इथे गंमत आहे: वस्तुमान गमावलं की श्वेत बटू आणखी मोठा होतो, म्हणजे गळती वाढायला हवी. पण हलक्याकडून जडाकडे वस्तुमान गेलं की कक्षा रुंदावते, म्हणजे गळती आवरायला हवी. दोन्हींत शर्यत लागते.

हलक्याचं वस्तुमान जडाच्या दोन तृतीयांशाहून जास्त असेल तर शर्यत हरलीच. हलका तारा काही प्रदक्षिणांतच फाटून जातो आणि विलीनीकरण होतं. एक पंचमांशाच्या आसपास किंवा कमी असेल तर गळती संथ राहते आणि जोडी टिकते (प्रश्न १४). मधल्या पट्ट्यात निकाल एका बारकाव्यावर अवलंबून असतो. वायूची धार सोबत्याभोवती चकती बनवते की सरळ त्याच्या पृष्ठभागावर आदळते? चकती असेल तर कोनीय संवेग कक्षेला परत मिळतो. सरळ आदळली तर तो सोबत्याच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यात अडकून पडतो आणि कक्षा लवकर ढासळते.

१४. एएम सीव्हीएन प्रकारचे तारे (सोबत्याकडून श्वेत बटूवर हेलियम वाहणाऱ्या जोड्या) याच जोड्यांपासून बनतात का?

काही बनतात. श्यामशबल तारकासमूहातल्या ज्या ताऱ्यावरून हे नाव पडलं त्याचा काळ सुमारे १७ मिनिटं आहे. या वर्गातल्या जोड्यांचे काळ साधारण ५ ते ६५ मिनिटांत असतात. वर्णपटात हेलियम भरपूर आणि हायड्रोजन औषधालाही नाही. संथ गळतीमुळे यांची कक्षा रुंदावत जाते आणि प्रवाह मंदावत जातो.

पण देणारा तारा दर वेळी श्वेत बटूच असतो असं नाही. हेलियम जाळणारा छोटा तारा किंवा हायड्रोजन गमावत आलेला साधा ताराही त्याच अवस्थेला पोहोचू शकतो. एएम सीव्हीएन दिसला म्हणून मागे दोन श्वेत बटू होते, असा निष्कर्ष लगेच काढू नका.

१५. गळती सुरू झाली की कक्षा रुंदावते म्हणता. मग एचएम कॅन्क्रीचा काळ कमी का होतो आहे?

तिचा काळ खरोखरच वर्षाला साधारण १.२ मिलिसेकंदानं घटतो, आणि पदार्थ पडत असल्याचं क्ष-किरणांतून दिसतं. खुलासा असा: हलका श्वेत बटू आधी आपला हायड्रोजनचा बाहेरचा थर गमावतो. हा थर विरळ आणि फुगीर असतो, तो गेला की तारा मोठा न होता लहानच होतो. तोवर गुरुत्वीय लहरींचा जोर वरचढ राहतो आणि कक्षा आत सरकत राहते. थर संपून आतलं हेलियम वाहू लागलं की प्रश्न १३ मधला नियम लागू होतो आणि कक्षा रुंदावू लागते. म्हणजे ही जोडी वळणाच्या आधीच्या छोट्या टप्प्यात सापडली आहे.

१६. दोघांच्या वस्तुमानांची बेरीज १.४ च्या मर्यादेवर (प्रश्न १) गेली की सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, हे बरोबर ना?

सर्वाधिक येणारा प्रश्न, आणि उत्तर आहे: तेवढं पुरेसं नाही आणि आवश्यकही नाही.

१९८४ मध्ये इको आयबेन व अलेक्झांडर तुतुकोव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे रोनाल्ड वेबिंक यांनी, टाइप १ए सुपरनोव्हाचं (म्हणजे श्वेत बटूच्या स्फोटाचं) मूळ श्वेत बटूंच्या विलीनीकरणात असावं असं मांडलं. त्याला पुष्टी देणाऱ्या गोष्टी आहेत. या स्फोटांच्या वर्णपटात हायड्रोजन नसतो, आणि श्वेत बटूंच्या जोडीतही तो जवळजवळ नसतोच. २०११ मध्ये एम १०१ दीर्घिकेत झालेल्या एसएन २०११एफई या स्फोटाच्या जागेची जुनी छायाचित्रं तपासली, तेव्हा तिथे तांबडा राक्षसी सोबती आढळला नाही. मोठ्या मॅजेलन मेघातल्या एसएनआर ०५०९-६७.५ या अवशेषाच्या मध्यभागीही वाचलेला सोबती सापडलेला नाही.

आता ‘पुरेसं नाही’ का? विलीनीकरण संथपणे झालं तर कार्बन कडेनं शांतपणे जळत आत जाऊ शकतो, गाभा ऑक्सिजन-निऑनचा होतो आणि स्फोटाऐवजी कोसळून न्यूट्रॉन तारा बनतो.

आणि ‘आवश्यक नाही’ का? सोबत्याकडून आलेल्या हेलियमचा पातळ थर पृष्ठभागावर पेटला तर त्याचा धक्का आत जाऊन कार्बनचा गाभा उडवू शकतो. याला दुहेरी स्फोट म्हणतात, आणि त्यासाठी १.४ चा आकडा गाठावा लागत नाही. असं झालं तर दुसरा श्वेत बटू गोफणीतून सुटल्यासारखा भिरकावला जाईल. केन शेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गायाच्या नोंदींतून सेकंदाला हजार किलोमीटरहून जास्त वेगानं धावणारे असे तीन तारे शोधून काढले. माझ्या मते या जोड्यांच्या बाजूचा हा सर्वात बोलका पुरावा आहे.

याच स्फोटांच्या तेजावरून १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेगावत असल्याचं कळलं आणि त्याला २०११ चं नोबेल मिळालं. ज्या दिव्यानं अंतर मोजायचं, तो नेमका कसा पेटतो हे कळणं म्हणूनच महत्त्वाचं.

१७. स्फोट झाला नाही, तर विलीन झालेल्या जोडीचं काय उरतं?

घटक कोणते होते त्यावर ठरतं. दोन्ही हेलियमचे असतील तर हेलियम पुन्हा पेटून एक छोटा, तप्त, निळसर तारा तयार होऊ शकतो. राखेतून निखारा फुलावा तसं.

एक हेलियमचा आणि एक कार्बन-ऑक्सिजनचा असेल तर उत्तर मुकुटातल्या आर तारा आणि त्याच्या भावंडांसारखा फुगीर, हायड्रोजन जवळपास नसलेला राक्षसी तारा मिळतो. हा तारा अधूनमधून काजळीचे ढग सोडतो आणि अचानक मंदावतो. १७९५ मध्ये एडवर्ड पिगट यांच्या हे लक्षात आलं होतं. या वर्गातल्या ताऱ्यांत ऑक्सिजन-१८ हे समस्थानिक भलतंच जास्त आढळलं, आणि ते विलीनीकरणाच्या कल्पनेशी जुळतं.

दोन्ही कार्बन-ऑक्सिजनचे असतील आणि मर्यादा ओलांडली नाही, तर एक जड, वेगानं फिरणारा, प्रबळ चुंबकीय क्षेत्राचा श्वेत बटू. झेडटीएफ जे १९०१+१४५८ हा त्याचा नमुना, २०२१ मध्ये जाहीर झालेला. वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.३५ पट, आकार चंद्रापेक्षा थोडाच मोठा, स्वतःभोवती एक फेरी ७ मिनिटांच्या आत.

आणखी एक विलक्षण प्रकरण म्हणजे ११८१ मध्ये चीन आणि जपानमध्ये नोंदवलेला ‘पाहुणा तारा’. त्या जागी पीए ३० नावाचा तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे १६,००० किलोमीटर वेगाचे वारे सोडणारा तारा. दोन श्वेत बटू एक होताना अर्धवट स्फोट झाला आणि हा अवशेष वाचला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

१८. १.४ पेक्षा जास्त एकूण वस्तुमानाची जवळची जोडी प्रत्यक्ष सापडली आहे का?

एक दावा २०१५ मध्ये गाजला होता. हेनाइझ २-४२८ या ग्रहीय तेजोमेघातली जोडी मर्यादेपलीकडची आहे, असं मोजमाप आलं. २०२० मध्ये वर्णपट पुन्हा बारकाईनं तपासले तेव्हा आंतरतारकीय वायूची एक रेषा मोजमापात मिसळून गेल्याचं कळलं आणि बेरीज बरीच खाली आली.

२०२५ मध्ये मात्र जेम्स मंडे आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवरची एक जोडी जाहीर केली. बेरीज १.५५, प्रदक्षिणाकाळ १४.२ तास. काळजीचं कारण नाही: प्रश्न १२ मधला हिशेब लावला तर भिडायला २२ अब्ज वर्षांहून अधिक काळ लागेल. पण इतक्या जवळ अशी जोडी आहे, त्याअर्थी त्या फार दुर्मीळ नसाव्यात.

१९. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेला कृष्णविवरं ऐकू येतात, मग या जोड्या का नाहीत?

स्वर फार खालचा आहे म्हणून. एका प्रदक्षिणेत दोन लहरी निघतात. ७ मिनिटांच्या जोडीची एक लहर यायला साडेतीन मिनिटं लागतात. लायगो सेकंदाला दहा ते काही हजार लहरी टिपण्यासाठी बांधलेली आहे. श्वेत बटू त्या पट्टीत पोहोचण्याआधीच एकमेकांना भिडलेले असतात.

यासाठी अवकाशातच वेधशाळा हवी. युरोपीय अवकाश संस्थेनं जानेवारी २०२४ मध्ये लिसा मोहिमेला अंतिम मान्यता दिली, उड्डाण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे. तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर. हजारो जोड्या सुट्या ओळखता येतील आणि उरलेल्या लाखोंची मिळून एक गुणगुण ऐकू येईल. एचएम कॅन्क्री किंवा जे ०६५१ सारख्या आधीच माहीत असलेल्या जोड्यांचा संकेत केवढा यायला हवा हे ठाऊक असल्यामुळे त्या उपकरण तपासण्यासाठी वापरल्या जातील.

२०. तीन श्वेत बटू एकत्र असू शकतात का?

हो. डब्ल्यूडी जे १९५३-१०१९ या प्रणालीत तिघंही वेगवेगळे दिसतात. तिसरा तारा लांब असला तरी तो आतल्या जोडीची कक्षा ताणून लांबट करू शकतो, आणि त्यामुळे जवळीक लवकर घडू शकते.

२१. माझ्या दुर्बिणीतून अशी एखादी जोडी दिसेल का?

जवळची जोडी दोन ठिपक्यांच्या रूपात जगातल्या कुठल्याच दुर्बिणीतून सुटी दिसत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना तर एकही श्वेत बटू दिसत नाही. एकटा श्वेत बटू पाहायचा असेल तर यमुना तारकासमूहातल्या ४० एरिडानी या तिहेरी ताऱ्यातला ‘बी’ घटक सर्वात सोपा, छोट्या दुर्बिणीतही सापडतो. व्याधाचा सोबती त्याहून तेजस्वी आहे, पण व्याधाच्या झगमगाटात हरवतो. त्याला आठ-दहा इंची दुर्बीण, स्थिर हवा आणि चिकाटी लागते. विलीनीकरणाचं फळ पाहायचं असेल तर उत्तर मुकुटातला आर तारा द्विनेत्रीतून सापडतो. एरवी तो सहाव्या प्रतीच्या आसपास असतो. जागा बरोबर असूनही दिसला नाही तर तेही टिपून ठेवा: त्या वेळी तो काजळीआड गेलेला असेल.